टर्बो गाडीत ऑक्सिजन सेन्सर नेमका कुठे बसवावा?

नमस्कार. तुम्ही बरेच तपशील दिले आहेत, ते आधी एकत्र करतो. जुन्या होंडा सिटीच्या १.५ लिटर व्हीटेक इंजिनावर टर्बो चढवला आहे. वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) बाहेरचा आहे आणि त्याची नळी परत डाउनपाइपलाच, म्हणजे टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपलाच, जोडली आहे. इंजिन स्वतंत्र ईसीयूवर (इंजिन चालवणाऱ्या संगणकावर) चालते आणि वाइडबँड मीटरला, म्हणजे एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-पेट्रोलचे नेमके प्रमाण दाखवणाऱ्या मीटरला, बॉशचा एलएसयू ४.९ सेन्सर आहे. पहिला सेन्सर टर्बोपासून वीतभर अंतरावर, पाइपच्या बाजूला आडवा लावला होता. तो चार महिन्यांत गेला. दुसरा मागे सायलेन्सरच्या डब्याजवळ लावला, तर आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू असताना) मीटर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो आणि स्पार्क प्लग मात्र जास्त पेट्रोलाने काळे निघतात. आता कोणी टर्बोच्या आधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये लावा म्हणतो, कोणी कॅटच्या (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) मागे. कंपनीने दिलेल्या मूळ सेन्सरचे काय करायचे, हेही तुम्हाला हवे आहे.

सगळे जण अंतर विचारतात, पण अंतर हे शेवटी निघणारे उत्तर आहे. सेन्सरला पाच गोष्टी लागतात. चारही सिलिंडरांचा वायू नीट मिसळलेला हवा. दाब वातावरणाच्या जवळपास हवा. उष्णता सोसेल इतकीच हवी. बाहेरची हवा पाइपात शिरता कामा नये. पाण्याचे थेंब तापलेल्या सिरॅमिकवर पडता कामा नयेत. टर्बोजवळ गेलात की पहिल्या तीन गोष्टी बिघडतात, फार मागे गेलात की शेवटच्या दोन. तुमचा पहिला सेन्सर एका टोकाला होता, दुसरा दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही ठिकाणी जे व्हायचे तेच झाले.

तुमच्या गाडीसाठी जागा अशी: टर्बाइननंतर ६० ते ९० सेमी, वेस्टगेटची नळी जिथे मिळते तिथून किमान ३० सेमी पुढे, कॅटच्या आधी, पाइपच्या शक्यतो सरळ तुकड्यात आणि वरच्या अंगाला. मीटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या सूचनाही टर्बोनंतर साधारण ४५ ते ९० सेमी या पट्ट्यातच असतात. नेमका आकडा डाउनपाइपच्या वळणांवर, बेलोजच्या (पाइपातल्या लवचिक तुकड्याच्या) जागेवर, पाइपला हीट रॅप (उष्णतारोधक पट्टी) गुंडाळला आहे का यावर आणि गाडी रस्त्यावर जास्त चालते की ट्रॅकवर यावर ठरतो. म्हणून प्रत्येक गोष्टीमागचे कारण सांगतो. कारण कळले की गाडीखाली झोपून जागा तुम्हीच ठरवू शकाल.

टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये लावण्याचा सल्ला पूर्ण चुकीचा नाही. सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सच्या काही मॉडेलांत पुढचा सेन्सर टर्बोच्या आधीच असतो. तिथे तो लवकर तापतो, थंड इंजिनात लवकर कामाला लागतो आणि हलक्या लोडला झटपट उत्तर देतो. पण कंपनी त्याच्या भरवशावर फुल बूस्टचे (टर्बो पूर्ण दाबाने हवा भरतो तेव्हाचे) इंधन ठरवत नाही. तुम्हाला सेन्सर हवा आहे तो नेमका बूस्टमध्ये मिश्रण बघायला, आणि तिथेच ही जागा दगा देते.

कारण दाब. वाइडबँड सेन्सर एका बारीक सच्छिद्र अडथळ्यातून आत झिरपणाऱ्या वायूवरून मिश्रण ओळखतो. बाहेर दाब वाढला की आत जास्त रेणू येतात आणि सेन्सरचा पंप करंट, म्हणजे ज्यावरून मीटर आकडा काढतो तो विद्युतप्रवाह, वाढतो. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचे प्रमाण; पूर्ण ज्वलनाला तो १, पेट्रोल जास्त (रिच) असेल तर १ च्या खाली, कमी (लीन) असेल तर वर. लॅम्डा १.०० ला करंट शून्यच असतो, त्यामुळे तिथे फरक पडत नाही. मिश्रण रिच असेल तर मीटर ते आणखी रिच दाखवतो, लीन असेल तर आणखी लीन. एक बार बूस्ट करताना छोट्या टर्बोच्या आधी मॅनिफोल्डमध्ये दीड बार किंवा त्याहून जास्त दाब साचू शकतो. अशा दाबाला खरा लॅम्डा ०.८० असताना पडद्यावर ढोबळमानाने ०.७६ ते ०.७८ दिसेल. ट्यूनर म्हणेल, फार रिच आहे, इंधन कमी करू. तो ज्याला ०.८० समजेल ते प्रत्यक्षात ०.८२-०.८३ असेल. म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते, आणि तीही सर्वांत जास्त लोडला, जिथे नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके पडणे) आणि पिस्टनची धार वितळणे या गोष्टी घडतात. मॅनिफोल्डचा दाब वेगळा मोजून दुरुस्ती करणारे कंट्रोलर मिळतात. ती सोय नसेल तर तिथल्या आकड्यावर ट्यून करू नका.

दुसरे कारण उष्णता. पेट्रोल टर्बोमध्ये फुल लोडला टर्बाइनच्या आधी वायू ८५० ते ९५० अंश सेल्सिअस असणे नेहमीचे आहे. ठिणगीचे टायमिंग मागे असेल तर त्याहून वर जातो. टर्बाइन त्यातली ऊर्जा खेचते, त्यामुळे टर्बोनंतर वायू साधारण १०० ते १५० अंशांनी थंड मिळतो. एलएसयू ४.९ ला वायू सतत ९३० अंशांपर्यंत चालतो, पण जिथे पाना लागतो तो षटकोनी भाग ६०० अंशांच्या आत राहावा लागतो आणि मागे जिथून वायर निघते तिथे मर्यादा २५० अंशांची आहे. वायूचे तापमान बहुतेक जण बघतात. षटकोनाचे फार कमी जण बघतात, आणि सेन्सर बहुधा तिथूनच मरतो. सेन्सरच्या आतला हीटर त्याला साधारण ७८० अंशांवर धरून ठेवतो. हीटर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. बाहेरूनच तो त्याहून जास्त तापला की कंट्रोलरच्या हातात काही राहत नाही: आधी रीडिंग सरकते, मग हीटरचा एरर येतो, मग सेन्सर जातो. जुन्या एलएसयू ४.२ ची सहनशक्ती याहूनही कमी आहे.

तुमचा वीतभर अंतरावरचा पहिला सेन्सर याच मार्गाने गेला असावा. त्या जागेचा आणखी एक तोटा म्हणजे टर्बाइनमधून वायू भोवऱ्यासारखा फिरत बाहेर पडतो. त्यातच बाजूने वेस्टगेटचा झोत येऊन मिळतो. वेस्टगेट उघडतो तेव्हा सेन्सरला कधी एका सिलिंडरचा वायू जास्त मिळतो, कधी दुसऱ्याचा. लॉगमध्ये (ईसीयूने नोंदवलेल्या आलेखात) बूस्ट स्थिर असताना लॅम्डाची रेषा करवतीच्या दातांसारखी दिसत असेल, तर इंजेक्टरवर संशय घेण्याआधी ही जागा तपासा. ट्विन स्क्रोल टर्बोत हा त्रास जास्त होतो, कारण सिलिंडरांच्या दोन जोड्यांचा वायू टर्बाइनच्या चाकापर्यंत वेगळाच येतो. व्ही इंजिनावर दोन टर्बो असतील तर दोन्ही बाजूंना एकेक सेन्सर हवा. एका बाजूच्या आकड्यावरून दुसरीचा अंदाज बांधू नये.

आता उशिराची भीती. ‘सेन्सर मागे नेला तर रीडिंग उशिरा येईल’ हे खरे आहे, पण किती उशिरा ते मोजून बघा. तुमचा डाउनपाइप अडीच इंची आहे, म्हणजे आतून साधारण ६० मिमी. अशा ९० सेमी पाइपात अडीच लिटरच्या आसपास वायू मावतो. आयडलला १.५ लिटरचे इंजिन सेकंदाला अडीच ग्रॅमच्या आसपास हवा घेते; त्या तापमानाला तो वायू सेकंदाला जेमतेम चार लिटर होतो. म्हणजे सेन्सरपर्यंत पोचायला ०.६ सेकंद. ६००० आरपीएमला एक बार बूस्टवर हेच इंजिन सेकंदाला १५० ग्रॅमच्या आसपास ओढते. तापल्यावर तो वायू सेकंदाला ४०० लिटरच्या वर जातो, म्हणजे तेच अंतर सहा-सात मिलिसेकंदांत कापले जाते. त्या आरपीएमला इंजिनाचे एक पूर्ण चक्रच २० मिलिसेकंदांचे असते, आणि सेन्सरला स्वतःला बदल ओळखायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे जिथे पिस्टन वाचवायचे आहेत तिथे ९० सेमीची किंमत नगण्य आहे. आयडलला उशीर आहे, पण तिथे घाईही नाही. क्लोज्ड लूपचा (सेन्सर बघून ईसीयू आपोआप इंधन बदलतो त्याचा) वेग ईसीयूत थोडा कमी केला की आयडल डुलत नाही.

तुमच्या गाडीत खरी ओढाताण बेलोजची आहे. या इंजिनाचा एक्झॉस्ट रेडिएटरच्या बाजूला आहे, त्यामुळे डाउनपाइप खाली उतरतो, ऑइल सम्पखालून मागे जातो आणि तिथेच कुठेतरी जाळीचा बेलोज असतो. सेन्सर बेलोजच्या आधी लावला तर अंतर ४५-५० सेमीच मिळते. नंतर लावला तर अंतर हवे तसे मिळते, पण बेलोज फाटला की आत हवा शिरते आणि मीटर खोटे बोलू लागतो. बेलोज कधी ना कधी फाटतो, विशेषतः इंजिनाची माउंटिंग थकली असतील आणि पाइपचा हँगर सैल असेल तर. मी अशा गाडीत आधी बेलोजच्या आधीची जागा तपासतो. जुना निकामी सेन्सर तिथे लावायचा, त्याच्या षटकोनाला के-टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारा) तारेने घट्ट बांधायचा आणि तिसऱ्या गिअरमध्ये फुल लोडवर दोन-तीन वेळा गाडी ताणायची, ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर). षटकोन ५५० च्या आत राहिला तर तीच जागा पक्की. त्याच्या वर गेला तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या तांब्याच्या पात्यांचा लांब बंग (पाइपवर वेल्ड केलेली, सेन्सर बसतो ती आट्यांची कडी) लावून काही अंश कमी करता येतात. पण लांब बंगमुळे सेन्सरचे टोक वायूच्या प्रवाहातून मागे सरकते आणि उत्तर मंदावते, म्हणून मी त्याऐवजी बेलोजनंतर १५ सेमी मागे जातो. मात्र मग बेलोज आतून इंटरलॉक लायनर (एकमेकांत अडकलेल्या पट्ट्यांचे धातूचे अस्तर) असलेलाच घ्यावा आणि दर सर्व्हिसिंगला तो हाताने वाकवून, जाळीखाली काळे डाग दिसतात का हे बघावे. ट्रॅकची गाडी असेल, एकेक लॅप फुल लोडवर जात असेल, तर चाचणीला वेळ न घालवता थेट ८०-९० सेमीला जा.

हीट रॅपविषयी. रॅपमुळे पाइपाची उष्णता आतच राहते आणि बंगही तापतो. बंगच्या चारी बाजूंना ४-५ सेमी भाग उघडा ठेवा, आणि सेन्सरवर रॅप कधीही गुंडाळू नका.

पाण्याचा भाग माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. पेट्रोल जळले की पाण्याची वाफ तयार होते आणि थंड पाइपात तिचे थेंब होतात. सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरच्या टोकातून ठिबकणारे पाणी तेच. लालबुंद सिरॅमिकवर असा एक थेंब पडला तरी बारीक तडा जातो. म्हणून सेन्सर पाइपच्या वरच्या अंगाला हवा. पाइपच्या तोंडाकडून बघितले तर घड्याळातल्या दहा ते दोनच्या दरम्यान. बॉशची किमान अट अशी की सेन्सर आडव्या रेषेपासून १० अंश तरी वर उचललेला असावा, वायरची बाजू वर. तुमचा आडवा सेन्सर या अटीतही बसत नव्हता. त्याच्या टोकावरच्या भोकांच्या टोपीत पाणी साचून राहत असणार. बरोबर बारा वाजताच्या जागेचा आग्रह नको. सम्पखाली बारा वाजता जागा नसते, आणि गाडी थांबल्यावर पाइपाची धग सरळ वर वायरच्या बुडाशी जाते. दहा किंवा दोन हीच सोयीची जागा. पाइपच्या सर्वांत खोल भागात, म्हणजे जिथे तो सम्पखाली उतरून पुन्हा वर चढतो तिथे, सेन्सर लावू नका, वरच्या अंगालाही नको. त्या खळग्यात पाणी उभे राहते आणि पहिल्या रेसला उडून येते. कोकणात किंवा मुंबईत जवळच्या अंतरांसाठीच गाडी काढत असाल तर पाइप पूर्ण तापतच नाही आणि हे पाणी रोज साचते. बाहेरच्या पाण्याचाही विचार करा. पावसाळ्यात डबक्यातून गेलात तर गार पाणी तापलेल्या सेन्सरवर बाहेरून उडते. पाइपच्या पुढच्या बाजूला पत्र्याचा छोटा आडोसा पुरेसा होतो.

हीटरचा विजेचा पुरवठा याच मुद्द्याशी जोडलेला आहे. दोन चुका नेहमी दिसतात. पहिली, चावी लावून गाणी ऐकत बसले की हीटर चालू राहतो, मग थंड पाइपात इंजिन सुरू होते आणि पहिले थेंब थेट तापलेल्या सेन्सरवर जातात. दुसरी, मीटर काढून ठेवलेला असतो पण सेन्सर पाइपातच राहतो. न तापलेल्या सेन्सरवर काजळी बसते आणि थोड्याच दिवसांत तो निकामी होतो. कंट्रोलरला पुरवठा फ्युएल पंपाच्या रिलेतून द्या, म्हणजे इंजिन चालू असतानाच हीटर तापेल. त्या लाइनवर वेगळा फ्यूज असू द्या. मीटर काढला तर सेन्सरही काढा आणि बंगच्या तोंडाला आट्यांचे बूच (प्लग) लावा.

आता सायलेन्सरजवळच्या दुसऱ्या सेन्सरकडे. एक्झॉस्टमधला वायू सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपातला दाब क्षणभर वातावरणाच्या खाली जातो. त्या क्षणी टोकाकडून बाहेरची हवा मागे ओढली जाते, आणि फ्लँजच्या गॅस्केटला, वेल्डिंगच्या भोकाला किंवा सांध्याला फट असेल तर तिथूनही शिरते. आयडलला वायू इतका कमी असतो की थोड्या हवेनेही लॅम्डा १.१० वर जातो. गॅस्केटमधून फक्त वायू बाहेर जातो, आत काही येत नाही, असे गॅरेजमध्ये ऐकायला मिळते. ते चूक आहे. ओळखायची खूण सोपी आहे: आयडलला लीन, २५०० आरपीएमला धरून ठेवले की आकडा खाली येऊन ठीक. असे दिसले की आयडलचे इंधन वाढवू नका. तुमच्या गाडीत तेच झाले असावे. मीटर लीन म्हणाला, इंधन वाढवले गेले, प्लग काळे झाले. पाइपच्या उघड्या टोकापासून सेन्सर निदान मीटरभर आत हवा, आणि त्याच्या आधीचा प्रत्येक सांधा घट्ट हवा.

सांधे तपासायला थंड इंजिनावर पाइपच्या टोकात व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू कापडाने घट्ट बसवा आणि साबणाचे पाणी मारत टर्बोच्या फ्लँजपासून मागे या. फेस आला तिथे फट. स्मोक मशीन मिळाले तर उत्तमच.

मीटर लीन दाखवण्याचे आणखी एक कारण लक्षात असू द्या. मिसफायर झाला, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण पेटलेच नाही, तर न जळलेला ऑक्सिजन तसाच पाइपात येतो. सेन्सर ऑक्सिजन बघतो, त्यामुळे पेट्रोल भरपूर असूनही तो लीन म्हणतो. बूस्टमध्ये प्लगचा गॅप मोठा असेल, ठिणगी विझत असेल, तर लॉगमध्ये एकदम लीनचा काटा वर उडालेला दिसतो. तिथे आधी गॅप कमी करून बघा, मग इंधनाला हात लावा.

कॅटच्या मागे वाइडबँड लावून ट्यून करण्याच्या मी विरोधात आहे. कॅटच्या आतल्या लेपात ऑक्सिजन साठवणारे सिरियम ऑक्साइड असते. मिश्रण हलले की ते साठवते किंवा सोडते, आणि मागच्या सेन्सरला गुळगुळीत, उशिरा आलेले चित्र दिसते. फुल लोडवर काही सेकंद स्थिर राहिले तर मागचा आकडा बराचसा जुळतो, पण थ्रॉटल दाबतानाचे काही कळत नाही. कारखान्यातून येणाऱ्या गाड्यांत कॅटनंतरचा सेन्सर वेगळ्याच कामासाठी असतो: कॅट नीट काम करतो का हे बघण्यासाठी. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ टर्बो पेट्रोल गाडीचा मालक हे वाचत असेल तर त्याने मागचा सेन्सर काढू नये, त्याला लांब स्पेसर लावून फसवू नये आणि कॅट कापू नये. अनेक नव्या गाड्यांत कॅट टर्बोला चिकटूनच असतो आणि मध्ये बंगला जागाच नसते. तिथे पुढचा मूळ सेन्सर बहुधा वाइडबँडच असतो. त्याचा लॅम्डा ओबीडीतून (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमधून) वाचून लॉग करणे हाच शहाणपणाचा मार्ग.

तुमच्या मूळ सेन्सरचे उत्तर छोटे आहे. तो नॅरोबँड आहे. लॅम्डा १ च्या आसपास ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये उडी मारण्यापलीकडे तो काही सांगत नाही. इंजिन पूर्णपणे स्वतंत्र ईसीयूवर असेल तर त्याची गरज उरत नाही. मूळ ईसीयू एखाद्या कामासाठी ठेवला असेल तर वाइडबँड कंट्रोलरच्या दुसऱ्या आउटपुटवर नॅरोबँडची नक्कल करता येते. बहुतेक कंट्रोलरांत ही सोय असते. टर्बोच्या आधी त्याचा जुना बंग असेल तर तो प्लगने बंद करा, तिथे सेन्सर तसाच शिजत ठेवू नका. एकेका सिलिंडरवर लक्ष ठेवायचे असेल तर त्या जागी ऑक्सिजन सेन्सरऐवजी ईजीटीचा (एक्झॉस्ट वायूच्या तापमानाचा) थर्मोकपल जास्त उपयोगी.

डाउनपाइप उतरवलाच आहे तर एकाऐवजी दोन बंग वेल्ड करून घ्या. दुसरा पहिल्यापासून १०-१५ सेमी मागे आणि थोडा फिरवून, म्हणजे पहिल्याच्या सावलीत येणार नाही. एरवी तो प्लग लावून बंद. डायनोवर ट्यूनरचा स्वतःचा सेन्सर तिथे बसतो आणि दोन मीटर जुळतात का हे पाच मिनिटांत कळते.

वेल्डिंग असे करा. पाइप गाडीवरून उतरवूनच वेल्ड करावा. नाइलाज असेल तर बॅटरी आणि ईसीयूचे प्लग काढा आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या शेजारी लावा. बंग एम १८ बाय १.५ आट्यांचा, उंचीने कमी, आणि बुडाला पाइपच्या गोलाईप्रमाणे घासलेला घ्या. सपाट बुडाचा बंग गोल पाइपवर ठेवून कडेच्या फटी भरत बसले की पुढे तिथेच तडा जातो. भोक बंगच्या पायरीइतकेच पाडा आणि आतली धार फाइलने मारा. पाइप एसएस ३०४ चा आणि बंगही तोच असेल तर ३०८एल रॉड, पाइप माइल्ड स्टीलचा असेल तर ३०९एल. आरगॉन वेल्डिंग, आतूनही आरगॉन सोडून. बंगमध्ये प्लग किंवा निकामी सेन्सर घट्ट बसवून चार छोट्या तुकड्यांत, समोरासमोर वेल्ड मारा, नाहीतर आटे अंडाकृती होतात. चांगला सेन्सर या कामासाठी वापरू नका. गार झाल्यावर आट्यांतून टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवा. अठरा मिलिमीटरच्या स्पार्क प्लगचा टॅप याच आट्यांचा असतो. मग जुना सेन्सर लावून पाइपच्या तोंडातून टॉर्चने बघा: टोपीची भोके पाइपच्या भिंतीच्या आत, प्रवाहात दिसली पाहिजेत. भोके बंगच्या विहिरीतच राहिली तर बंग उंच आहे.

नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपनीचेच अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारे वंगण) लावलेले असते, वर आणखी चोपडू नका, टोकाला तर अजिबात लागू देऊ नका. २२ चा सॉकेट, ४५ ते ५० न्यूटन-मीटर. सेन्सरच्या आधीच्या सांध्याला सिलिकॉन सीलंट लावू नका. त्याची वाफ सेन्सरला विषासारखी आहे. १००एलएल विमानाचे पेट्रोल मिसळत असाल तर त्यात शिसे असते, सेन्सर लवकर जाणार हे धरून चाला.

वायर कापून आखूड करू नका, कनेक्टर बदलू नका. एलएसयू ४.९ च्या कनेक्टरमध्ये त्या एका सेन्सरसाठी जुळवलेला रेझिस्टर असतो. तो गेला की कॅलिब्रेशन गेले. लांबी कमी पडली तर कंट्रोलरच्या बाजूची केबल वाढवा. कनेक्टर गाडीच्या पोटाखाली लोंबकळत न ठेवता वर बल्कहेडला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) बांधा, आणि वायरमध्ये इंजिन हलेल इतकी ढील ठेवा.

बसवून झाल्यावर मीटर लॅम्डावर ठेवा. ई-२० पेट्रोलचे पूर्ण ज्वलनाचे प्रमाण १३.५ च्या आसपास येते, आणि मीटरवरचा ‘१४.७’ हा फक्त लॅम्डा १ चा वेश आहे. एएफआरच्या (हवा-इंधन प्रमाणाच्या) आकड्यांवर ट्यूनरशी बोललात तर दोघे वेगळेच समजाल.

शेवटी एक चाचणी. इंजिन गरम असताना २००० आरपीएमला स्थिर धरा, ईसीयूच्या लॅपटॉपवरून इंधन १० टक्के एकदम वाढवा आणि लॉगमध्ये लॅम्डा हलायला किती मिलिसेकंद लागले ते मोजा. हेच ३००० आणि ४५०० ला, हलक्या आणि जास्त लोडला करा. आलेले आकडे ईसीयूच्या लॅम्डा डिले टेबलमध्ये भरा. जास्त आरपीएमलाही उशीर अर्ध्या सेकंदाच्या घरात येत असेल तर दोष अंतराचा नाही: टोपीवर काजळी बसली आहे किंवा टोक बंगच्या विहिरीत अडकले आहे. सेन्सर काढून बघा.